तीन नंबरचा कागद

आत्याच्या पाच खोल्या होत्या आणि पाचही भाड्याने दिलेल्या होत्या. ती स्वतः पुढच्या ओट्याला लागून असलेल्या स्वयंपाकघरात राहायची. तिथेच चूल, तिथेच खाट, खाटेखाली कागदांची पत्र्याची पेटी. मागे मोकळी जागा होती आणि त्या जागेत पाचही खोल्यांना मिळून एक नळ आणि एक संडास. आत्याचे यजमान कळमन्याच्या बाजारात मापारी होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पोत्यांचं वजन करून त्यांनी स्वतःसाठी एवढं बांधलं, आणि बांधून झाल्यावर दोन वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. खोल्यांचं भाडं हाच आत्याचा घास. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात खाप्याला आमच्या घरचे हातमाग बसले आणि बाबांनी मला तिच्याकडे आणून सोडलं. आत्याला अक्षर येत नव्हतं, मला येत होतं, म्हणून पाच भावंडांतून माझी निवड झाली. बाबा परत जाताना म्हणाले, "तुह्या आत्याचे डोळे आहेस तू. नीट राहाय." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं.

घर बाजाराच्या इतकं जवळ होतं की सकाळी हर्रासाचा आवाज आत यायचा. एकाच सुरात चढत जाणारी बोली, आणि मग एकदम शांतता, म्हणजे माल कोणाचा तरी झाला. मिरचीच्या हंगामात वारा फिरला की पाचही खोल्यांतून ठसक्याचे आवाज यायचे, आणि एक नंबरमधला झिंगरू हमाल ओरडायचा, "आत्याबाई, आज फोडणीले मिरची नोको टाकू वं, हवेतूनच पडून राह्यली!" त्याची बायको पार्बता आतून म्हणायची, "तुमच्या तोंडातही पडू द्या थोडी, बोलणं तरी कमी होईन." संत्र्याच्या दिवसांत सगळी गल्ली आंबूस गोड वासाने भरून जायची. आत्या आंबाडीची भाजी करायची, कण्या घालून, वरून लसणाचं तेल. भाकर थापताना ती बोलत राहायची, आणि बोलायची ते सगळं खोल्यांबद्दल. दुसऱ्या बाया देवाबद्दल बोलतात तसं.

खोली कोणाला द्यायची याची तिची एक रीत होती. माणूस आला की आधी त्याच्या बायकोचा झाडू बघायचा. झिजलेला असेल तर खोली द्यायला हरकत नाही. तो आधी राहिला असेल तिथल्या घरमालकाला विचारायचं नाही, कारण त्याला ब्याद घालवायची असते. त्याच्या शेजाऱ्याला विचारायचं. घासाघीस करणाऱ्याला खोली द्यायची, न करणाऱ्याला नाही. "भाव पाडते तो देणार असते म्हणूनच पाडते," ती सांगायची. "ज्याले द्याचंच नाही तो काहून भांडन?" भाडेकरूने झेंडू लावावा, गवती चहा लावावा, झाड लावू द्यायचं नाही. फळ खायला थांबायचं असतं तोच झाड लावतो. आणि दर अकरा महिन्यांनी चुना. त्या दिवशी खोलीतलं सगळं सामान अंगणात काढायचं, चारही भिंतींना चुना मारायचा, आणि रिकाम्या खोलीला आत्याचं कुलूप एक दिवस लावून ठेवायचं. भाडेकरू ओट्यावर झोपायचे, मुलांना तर ती गंमतच वाटायची. दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या समोर नवा कागद वाचायचा, भाडेकरूची सही, आत्याचा अंगठा, आणि मगच चावी परत. "खोलीलेही समजलं पायजे ते कोणाची आहे," असं ती म्हणायची.

आता माझा मुलगा उमरेड रोडकडे लेआउटमधले प्लॉट घेतो आणि विकतो. सगळं मोबाईलवर चालतं, करारसुद्धा. मी त्याला एवढंच सांगते की जागा घेशील तर सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि पावसात एकदा जाऊन बघ, आणि तिथे आधीपासून कोण बसलं आहे ते बघ. रिकामी जागा म्हणजे रिकामी असतेच असं नाही. आणि कागदावर सही करण्याआधी दुसऱ्याने वाचलेला कागद वाचलेला समजू नकोस. तो हसतो. म्हणतो, आई, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. 

मुनीमजी आले ते मी आत्याकडे राहायला लागून दोन वर्षं झाल्यावर, एका दुपारी. एका अडत्याकडे लिखापढी करायचे, म्हणून सगळे त्यांना मुनीमजी म्हणत. पांढरा सदरा, बारीक आवाज, पायात आवाज न होणाऱ्या चपला. मागे हातगाडीवर त्यांची म्हातारी आई झोपवलेली होती. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. झिंगरूने आणि अजून एकाने तिला उचलून तीन नंबरमध्ये नेलं, तेव्हा अजून भाडंही ठरलं नव्हतं. आत्याने आकडा सांगितला, जरा चढवूनच, कारण घासाघीस होणार हे तिने धरलं होतं. मुनीमजी म्हणाले, "तुम्ही म्हणान तसं."  मी आत्याच्या मागे उभी होते, मला तिची पाठ ताठ झालेली दिसली. तिने विचारलं, "आधी कुठं राहत होते बाप्पा?" "वर्ध्याकडे," ते म्हणाले. "लांब आहे." झाडू त्यांच्या सामानात नव्हताच. आत खाटेवर म्हातारी कण्हत होती आणि आत्याने चावी दिली. पार्बता मला कोपऱ्यात म्हणाली, "तुह्या आत्याले आज काय झालं वं? माह्याशी तर आठ दिवस भांडत होती."  त्या म्हातारीकडे पाहून आत्याला नाही म्हणता आलं नव्हतं, एवढंच होतं ते.

पुढचे महिने मुनीमजींनी कोणाला काहीच त्रास दिला नाही. इतकं की त्याचीच भीती वाटावी. भाडं पहिल्या तारखेला. पावसाळ्यात तीन नंबरच्या छपराची कवेलू गळायला लागली, तर त्यांनी आत्याला न सांगता माणूस लावून बदलून घेतली. आत्या खर्च द्यायला गेली तर हात जोडून म्हणाले, "राहू द्या आत्याबाई, घरचंच आहे." मागे डुकरं यायची म्हणून त्यांनी मोकळ्या जागेला काटेरी कुंपण घातलं. सगळ्यांना बरं वाटलं. फक्त कुंपणाला जे फाटक होतं ते तीन नंबरच्या मागच्या दाराला लागून होतं. मग एक दिवस मी नळावर भांडी घासत असताना पाहिलं, नळाच्या पलीकडे ओल्या मातीत लिंबाचं रोप लावलं होतं. हातभर होतं, चार पानं. मी घागर भरली आणि घरात आले. आत्या कढी करत होती. मी तिला रोपाचं सांगणार होते. पण मुनीमजी ओट्यावर बसलेले होते, पेपर वाचत, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचं मला जमलं नाही. नंतर आत्यानेच पाहिलं. ती त्या रोपाजवळ बराच वेळ उभी राहिली, आणि उपटायला वाकलीही. तेवढ्यात आतून म्हातारीची खोकल्याची उबळ आली. आत्या सरळ झाली आणि परत फिरली.

म्हातारीला पेज पाजायचं काम माझ्याकडे होतं. तिची जीभ जड होती, पण सवय झाल्यावर तिचं बोलणं मला कळायला लागलं होतं. बहुतेक वेळा ती फक्त मीठ जास्त झालं म्हणायची. त्या आठवड्यात एक दिवस वाटी रिकामी झाल्यावर तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "झाड लावलं का त्यानं?"

मी म्हटलं, "हो. लिंबाचं."

तिने डोळे मिटले. "इथंही," एवढंच म्हणाली. तिची बोटं बराच वेळ सुटली नाहीत. ही गोष्ट मी आत्याला सांगितली नाही. सांगितली असती तर तिने म्हातारीसकट सगळं सामान अंगणात काढलं असतं, इतकी ती खंबीर होती. पण सांगायचं म्हणजे आजारी बाईने विश्वासाने सांगितलेलं फोडायचं, असं मला वाटलं. निदान मी तशी समजूत करून घेतली.

अकरा महिने भरले. चुन्याच्या दिवशी मुनीमजी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आईले हलवू कसं? डाक्टरनं नाही म्हटलं." आत्याने तीन भिंतींना चुना मारून घेतला. खाटेकडची चौथी तशीच राहिली. कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता. सकाळी कागद वाचायला सगळे ओट्यावर जमले. दर वेळी कागद शाळेतल्या एका जुन्या मास्तरांकडून हाताने लिहून आणायचो. या वेळी मुनीमजी म्हणाले, आजकाल हाताने लिहिलेलं चालत नाही, मी कोर्टाजवळून टाईप करून आणला आहे, तुम्हाला खेटा नको. आत्याने तो दोन्ही हातांनी घेतला, चांगला स्टॅम्पचा कागद होता, आणि माझ्याकडे दिला. "वाच वं बेबी."

मास्तरांचा कागद मला पाठ होता. पाच खोल्यांचे पाच कागद दर वर्षी वाचून तो झोपेतही म्हणता आला असता. त्यात आधी भाडेकरूचं नाव असायचं, 'मी खाली सही करणार' असं. या कागदात आधी आत्याचं नाव होतं. मला ते दिसलं. चांगलं आठवतं, दिसलं. त्याखाली ओळी एकमेकींना चिकटलेल्या, कुठे पूर्णविराम नाही, आणि सगळी जोडाक्षरं. पहिल्याच ओळीत मी तीन ठिकाणी अडखळले. झिंगरू म्हणाला, "पोट्टीची गाडी चढावर आली गा!" सगळे हसले. मनापासून हसले, त्यात वाईट काही नव्हतं. पार्बता म्हणाली, "वाचू द्या ना तिले, तुम्हाले तर बाराखडी येत नाही." ते ऐकून अजूनच हसले. माझे कान तापले. आत्या माझ्याकडे बघत होती, तिला माझा अभिमान वाटायचा तशी, मान जरा वर करून. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मास्तरांचा कागद म्हणायला लागले. खोली क्रमांक तीन अकरा महिन्यांसाठी भाड्याने घेतली असून. मुदत संपताच विनातक्रार रिकामी करून देईन. मोकळ्या जागेवर माझा कोणताही हक्क राहणार नाही. एका दमात, कुठे न थांबता. ओळीवरून बोटही फिरवत होते.

म्हणून झाल्यावर मी वर पाहिलं तर मुनीमजी माझ्याकडे बघत होते. त्यांना त्यातला शब्द न् शब्द माहीत होता. मी जे म्हटलं ते त्या कागदावर नाही, हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ते हळूच हसले आणि म्हणाले, "किती साफ वाचते पोट्टी."

"चौथी शिकली आहे," आत्या म्हणाली, आणि शाईत अंगठा बुडवला. खाली झिंगरूचा साक्षीदार म्हणून अंगठा, आणि मुनीमजींच्या ओळखीच्या एका माणसाची सही.

त्यानंतर मुनीमजी माझ्यासाठी कधी संत्री आणायचे, कधी केसांची रिबन. आत्यासमोरच द्यायचे. "घे बेबी, हुशार पोरगी आहेस." मी ती रिबन पेटीच्या मागे टाकून द्यायचे. आत्याला वाटायचं मला मुनीमजींची लाज वाटते. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका सकाळी मागे विटांची गाडी आली. आत्या धावत गेली. "कायच्या विटा होय ह्या?"

"भिंत घालून राह्यलो आत्याबाई," मुनीमजी त्याच बारीक आवाजात म्हणाले. "माह्या जाग्याले."

"तुह्या जाग्याले?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली नक्कल काढली आणि आत्याच्या हातात दिली. आत्याने ती माझ्याकडे दिली नाही. पदर डोक्यावर घेऊन तशीच रस्त्यापलीकडच्या किराणावाल्याकडे गेली आणि त्याच्याकडून वाचून घेतली. तीन नंबरची खोली आणि तिच्या मागची सगळी मोकळी जागा मुनीमजींना विकायचं ठरलं, पूर्ण किंमत मिळाली, कब्जा दिला. खाली अंगठा. आत्याने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली. भिंत चार दिवसांत उभी राहिली. नळ आणि संडास भिंतीच्या पलीकडे गेले. नळ नाही, संडास नाही, तर खोल्यांत राहणार कोण? दोन महिन्यांत चार खोल्या रिकाम्या झाल्या. सगळ्यात शेवटी झिंगरू गेला. जाताना पार्बता रडली आणि झिंगरूला या वेळी काहीच विनोद सुचला नाही. आमच्या स्वयंपाकघरात चूल दिवसातून एकदाच पेटायला लागली. आत्या वरण पातळ करायची आणि म्हणायची, असंच चांगलं लागते.

केस उभी राहिली. आमच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. बाईला अक्षर येत नाही, तिला भाड्याचा कागद सांगून दुसऱ्यावर अंगठा घेतला. तारखा पडत गेल्या, माझं वय वाढत गेलं, मला साक्षीला बोलावलं तेव्हा मी सतराची असेन. वकिलांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "तू वाचला तो भाड्याचाच होता ना?" मी हो म्हटलं होतं. त्याच्यापुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आत्या शेजारी बसली होती.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोरच्या वकिलांनी माझ्या हातात तोच कागद दिला. "बाई, वाचता येतं?" हो. "मग वाचा." चार वर्षांत पेटीतली त्याची नक्कल मी चोरून इतक्यांदा वाचली होती की आता एकही अक्षर अडलं नाही. सगळं वाचलं.  "या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, तो कोणाचा?" माझा. त्या सकाळी मी हळद कुटत होते. "म्हणजे त्या दिवशी तुमच्या हातात होता तो हाच कागद?" हो. "आणि हातात होता तोच कागद तुम्ही तुमच्या आत्याला वाचून दाखवला?"

आता एकच गोष्ट सांगायची होती. नाही वाचला. मला वाचता आला नाही, लोक हसले, मी पाठ असलेलं म्हटलं. एवढं बोलले असते तर केस तिथेच आत्याच्या बाजूने फिरली असती. मी समोर पाहिलं. आत्या बाकावर बसली होती, नवं लुगडं नेसून, आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे मुनीमजी होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार.

मी म्हटलं, "हो. वाचला."

परत येताना आत्या आणि मी रिक्षात बसलो. मला वाटत होतं आता विचारेल, आता विचारेल. विचारलं तर सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. रिक्षा मालगाडीसाठी फाटकाशी थांबली. डबे संपतच नव्हते. तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू कायले खोटं बोलशीन. तुनं वाचलंच असन. मलेच आठवत नाही मग." तिने स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा. "माह्याच डोस्क्यात राहत नसन आता काही. मले तर भाड्याचंच आयकू आलं होतं वं."

मी रुळांकडे बघत राहिले.

निकाल मुनीमजींच्या बाजूने गेला. उरलेल्या खोल्या त्यांनीच घेतल्या, मिळेल त्या भावाला, दुसरं गिऱ्हाईक येणार नव्हतं. म्हातारी त्याआधीच गेली होती. बाबा आत्याला आणि मला खाप्याला घेऊन आले. आत्या तेव्हा पन्नाशीची होती. डोकं साफ होतं तिचं. पण त्या रिक्षापासून तिने स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. दूध उतू गेलं तर म्हणायची, पाहा, आठवत नाही मले. कोणाचं नाव चटकन आलं नाही तर घाबरून माझ्याकडे बघायची. हळूहळू ती खरंच विसरायला लागली, की विसरते असं मानून विचारायची, ते मला आजवर कळलं नाही. ताट पुढ्यातून उचललं की थोड्या वेळाने विचारायची, "बेबी, मी जेवली का वं?"

"जेवली, आत्या," मी सांगायचे. आणि ती मान हलवायची. मी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार.